अकराशे तीन, पण कुठली विंग?

लालबाग, रविवार

आदरणीय बुधाजीमामा यांस,

तुमचा भाचा अभय याचा सप्रेम जयभीम. आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? पायऱ्या चढताना अजून कुरकुरतात का? (गुडघ्यांचं विचारतोय, मामींचं नाही. मामींनाही जयभीम.) फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण असं की फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही. मागे मी "घराची चावी मिळाली" म्हणालो, तर तुम्ही "कुणाला चावली?" करत अर्ध्या वाडीला गोळा केलंत. म्हणून गावी निघालेल्या आपल्या वाडीतल्या आनंदाच्या हातात हे देतोय. त्याच्याकडूनच वाचून घ्या, पण मधलं पापडांचं आलं की त्याला चहा आणायला पाठवा आणि तेवढं स्वतः वाचा.

तर चावी मिळाली. जिथे आपली चाळ होती तिथेच टॉवर झालाय, फक्त आपण आता अकराव्या मजल्यावर गेलोय. चाळ पाडल्यापासून आम्ही वडाळ्याच्या भाड्याच्या खोलीत होतो आणि आपले शेजारी धोंडूकाका नि कालिंदीकाकू शिवडीला. सोडतीत आम्हाला अ विंगेत अकराशे तीन नंबर लागला, आणि त्यांना ब विंगेत अकराशे तीन. आई म्हणाली, "बरं झालं, मध्ये एक भिंत तरी आली."

आई आणि काकू बोलत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहेच. कारणही ठाऊक आहे, पण तुम्ही ते सोयीने विसरला असाल म्हणून लिहितो. तुम्ही तेव्हा गावाहून आला होतात. जेवून गॅलरीतल्या खाटेवर दुपारची झोप काढलीत. त्या खाटेवर, चादरीखाली, कालिंदीकाकूंनी पोह्याचे पापड वाळत घातले होते. तुम्ही उठून गाडी पकडलीत, आणि इकडे महायुद्ध पेटलं. आईने सरळ सांगितलं की मांजर बसलं. काकू म्हणाल्या, "एवढं मोठं मांजर?" आई म्हणाली, "गॅलरी काही कुणाच्या बापाची नाही." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. बाबा गेले तेव्हा काकू स्वयंपाक करून डबे ठेवून गेल्या, तेसुद्धा दाराबाहेर, एक शब्द न बोलता.

आता सामानाचं ऐका. शिवडीचा लवू टेम्पोवाला चाळीतल्या बऱ्याच बिऱ्हाडांचं सामान एकाच दिवशी हलवत होता. खोकी त्यानेच पुरवली. सगळी एकाच गोदामातली, सगळ्यांवर कुठल्याशा परदेशी बिस्किटांचं चित्र. त्यावर त्याने जाड्या पेनाने घरनंबर घातले. विंग घालायचं राहिलं. "अकराशे तीन म्हणजे अकराशे तीनच ना शेठ, त्यात काय चुकणार?" असं तो मलाच म्हणाला, आणि मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वयंपाकघराची खोकी उघडली. आतून चकाचक कुकर निघाला, तांब्याचा हंडा निघाला, झाकणाचे उंच डबे निघाले. थोड्या वेळाने तुमच्या सुनेने, प्रितीने, मला बाथरूमशी गाठून सांगितलं, "बघितलंस? इतकी वर्षं मी त्या चेपलेल्या कुकरात भात लावतेय आणि आईंनी हा माळ्यावर दडवून ठेवला होता." मग आईने मला खिडकीशी बोलावलं. "तुझ्या बायकोने गुपचूप केवढी भांडी जमवलीत बघ. बोलू नकोस. नव्या घरात वाद नको." मी दोघींनाही मान डोलावली. (लग्न झालेल्या माणसाची मान ह्याच कामासाठी असते.)

पुढचे काही दिवस आमच्या घरात एवढा सलोखा होता की मला भीती वाटायला लागली. दोघी एकमेकींना "घ्या ना तुमचाच आहे", "नाही गं, तुझाच आहे" करत तो कुकर वापरत होत्या. एका बरणीत मसाला होता. त्याची प्रितीने बांगड्याची आमटी केली. आई दोनदा भात घेऊन म्हणाली, "आज बसला गं तुझा हात!" मामा, सुनेचं असं कौतुक मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

मग आईने एक डबा घासायला घेतला, चष्मा लावला आणि त्यावर कोरलेलं नाव वाचलं: 'सौ. कालिंदी हिस, आईकडून.' आई मटकन खाली बसली. मग म्हणाली, "तरीच आमटी कडवट लागत होती."

उरलेली खोकी भराभर उघडली. एकात काकूंच्या साड्या. एकात त्यांचा देव्हारा, देव मऊ कापडात एकेक गुंडाळलेले. आता आली का पंचाईत! आमच्याकडे देव नाहीत हे तुम्हाला मी काय सांगू. प्रिती म्हणाली खोकं परत बंद करू. आई म्हणाली, "माणसांचे देव आहेत ते, गुदमरवू नकोस." तिने ते नीट काढून हॉलच्या खिडकीत वारा लागेल असे मांडले. दिवा नाही, हळदकुंकू नाही. "पूजा आपण करत नाही. पण आलेल्या पाहुण्याला खोक्यात कोंबून ठेवतं का कोण?"

मी म्हटलं, काकांना फोन करतो. आईने फोन काढून घेतला. "त्यांच्याकडे आपलं सामान नाही गेलं? त्यांना दिसत नाही? करू देत की आधी." दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये धोंडूकाका भेटले. अंगात माझा ऑफिसच्या क्रिकेट टीमचा टीशर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'अभय'. माझ्या गळ्यात त्यांचा मफलर (मला सर्दी झाली होती आणि खोक्यात तो वरच होता). काका माझ्या मफलरकडे बघत राहिले, मी त्यांच्या पोटावर ताणलेल्या टीशर्टकडे. "काय रे अभय, लागलं का सामान?" "लागलं की काका. तुमचं?" "आमचं पण." लिफ्ट थांबली. ते पाठमोरे झाले आणि माझंच नाव माझ्यापासून लांब लांब चालत गेलं.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. पण मामा, आई काही बरी नव्हती. ती सकाळपासून दार सताड उघडं टाकून खुर्चीत बसायची. समोरची तिन्ही दारं बंद. कुणी पीठ मागायला येत नाही, कुणी नळावरून ओरडत नाही. वॉचमनने येऊन सांगितलं, आजी, दार बंद ठेवा, सोसायटीचा नियम आहे. आईने दार बंद केलं आणि त्या रात्री जेवली नाही. म्हणाली, "अभय, मला गावी सोड. इथे मी मेले तरी लिफ्टवाल्यालाच आधी कळेल." मग हळूच म्हणाली, "ह्यांचा फोटो कुठल्या खोक्यात होता रे?" बाबांचा फोटो, बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धमूर्ती, तिन्ही त्या घरी गेली होती. तिला नक्की कसली धास्ती होती ते ती बोलली नाही.

सकाळी बघतो तर आई नाही आणि खिडकीतले देव नाहीत. मी तसाच ब विंगेकडे धावलो. काकूंच्या दारात आई उभी, प्रितीच्या नव्या ओढणीत गुंडाळलेले देव दोन्ही हातांत धरून.

"हे तुझे," आई म्हणाली. "खिडकीत ठेवले होते. दिवा नाही लावला. आमच्यात नसतो."

काकूंनी एकदा ओढणीकडे पाहिलं, एकदा आईकडे. "खिडकीत वारो येय होतो मां? मगे झालां." आणि देव छातीशी धरून म्हणाल्या, "आत ये. चप्पल राहू दे."

आत अजून अर्धी खोकी बांधलेलीच होती. पण भिंतीवर तिन्ही होती, मध्ये बाबासाहेब, बाजूला बाबा हार घालून, खाली स्टुलावर बुद्ध. धोंडूकाका (टीशर्ट तोच) म्हणाले, "वहिनी, तो रिंग खात्यात सूत काढायचा, मी साच्यावर कापड. एका पाळीला मिलच्या गेटातून आत जायचो. त्याला खोक्यात ठेवून मी इथे चहा पिऊ काय?"

आई रडेल असं मला वाटलं. रडली नाही. डोळे पुसून तिने विचारलं, "आणि खिळा भिंतीत असा तिरका कुणी ठोकला?" काकू म्हणाल्या, "तिरका तुझा चष्मा." झालं, पेटलं! इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर निघालं. पापड, मांजर, गॅलरी, कुणाचा बाप, दाराबाहेरचे डबे. आवाज पार जिन्यापर्यंत. आणि मामा, त्या मजल्यावरची सगळी दारं उघडली! आपले जुने चाळकरी बाहेर आले, ओळखीचे नसलेले नवेही आले. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा. वॉचमन नियम सांगायला वर आला, त्याच्याही हातात कप दिला गेला.

आई दुपारी घरी आली ती गुणगुणत. म्हणाली, "लागलं बाई एकदाचं घर." मला पापडांच्या हिशोबाचं फार काही कळलं नाही, पण ह्या घराला रंगापेक्षा एका कडक भांडणाची गरज होती एवढं कळलं.

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

आपला भाचा,
अभय

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. भांडणाच्या भरात आईने मांजराचं नाव मागे घेतलं आणि तुमचं सांगितलं. पुढच्या रविवारी आमच्याकडे नव्या घराचा परित्राण पाठ ठेवलाय. भन्तेजी येतील, काकूही येणार आहेत. तुम्ही यायचंच आहे. काकू म्हणाल्यात, "त्या मांजराला बघायचं आहे." येताना पोह्याचे पापड आणा. रिकाम्या हाताने आलात तर मी तुम्हाला ओळखत नाही.

ता. क. २. भांडी परत केली. कुकर अजून आमच्याकडेच आहे. प्रिती आणि आई दोघींनाही तो दुसरीने परत केलाय असं वाटतंय, आणि भात रोज त्यातच लागतो. तुम्ही विषय काढू नका.

ता. क. ३. (हे आई सांगतेय, मी नुसतं लिहितोय. मला यातलं काही माहीत नव्हतं.) दादा, मी आनंदाच्या फोनवरून तुला म्हटलं होतं ना की मागची खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेव, पोरांना सांगू नकोस, मी कायमची येते. केली असशील तर तिथे आता भाताची पोती भरून ठेव.