बाबा आणि राजाचा वजीर

४ सप्टेंबर २०२२, रवि.
इजिप्तहून पुतळा आला. पेटी उघडली. चुनखडीचा, बसलेला, नाक तुटलेलं. राजाचा मुलगा आणि राजाचाच वजीर. वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी इथल्या आमच्या म्युझियमला उसना मिळालाय, डागडुजी माझ्याकडे.
घरी बाबांना सांगितलं. नाशिकहून आल्यापासून पहिल्यांदाच चेहऱ्यावर काही हललं. "राजाचा मुलगा म्हणून वजीर!" आवाज थेट वर्गातला.

७ सप्टें.
बाबांनी मला आज पुन्हा 'बाई' म्हणून हाक मारली. शाळेतल्या कुठल्या बाई समजले कोण जाणे. नवरा, स., दुखानच्या तेलक्षेत्रावरून कामावरून आल्यावर त्याला सांगितलं. "डॉक्टर म्हणालेच होते, वाढत जाणार." हो. म्हणाले होते.
वजीर मात्र आठवतो. सगळी हयात इतिहास शिकवला. हेडमास्तर व्हायची पाळी आली, तर खुर्चीत संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. आईने केलेला शिरा त्या दिवशी कोणी खाल्ला नाही. घरात कधी विषय काढला नाही त्यांनी. इजिप्तच्या धड्याला मात्र दरवर्षी आवाज चढायचा.

१५ सप्टें., गुरु.
बाबांना पुतळा दाखवायची परवानगी मिळाली. पुतळ्याबरोबर कैरोहून आलेले हसनसाहेब भला माणूस. "युवर फादर, माय फादर. यल्ला!" म्हणजे चला.
बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पुतळ्यासमोर बराच वेळ उभे. मग हळू आवाजात, मराठीत, "शिकवता येतं का तुला? पोरांची नावं तरी माहीत आहेत? मला सगळी येत होती."
नावं सांगायला लागले. देशमुख. वाघ. पगारे... पुढचं येईना. माझ्याकडे वळून बघितलं. तसं बघणं पुन्हा नको.
हसनसाहेबांनी धावत खुर्ची आणली. काय म्हणाले, विचारलं. मी म्हटलं, जुनी ओळख आहे.
परत येताना गाडीत, एकदम स्पष्ट, "चेहरा चांगला आहे गं त्याचा. त्याला तरी कोणी विचारलं असेल का, तुला व्हायचंय का म्हणून?"
मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

६ ऑक्टो.
व्हिजिट व्हिसा वाढणार नाही. स्पर्धेआधी बाबांना जावं लागणार. दादाला फोन केला.
"आम्ही दोघंही नोकरीला. एका वृद्धाश्रमात विचारून ठेवलंय. चांगला आहे, बाग आहे."
"बाबांना विचारलंस?"
"त्यांना काय कळणार आहे आता?"
फोन ठेवला. त्याचंही चुकतं असं नाही, पण

२० ऑक्टो.
वजीर दालनात बसवला. खलास, काम संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
स.शी नोकरी सोडण्याचं बोलले. "आणि मुलांची शाळा? तू तिथे, आम्ही इथे?" रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

२५ ऑक्टो.
रजा मंजूर, किती दिवसांची ते ठरलेलं नाही. बाबांच्या तिकिटाबरोबर माझंही काढलं. फक्त जायचं. दादाला अजून सांगितलं नाही. स. 'बरं' म्हणाला आणि बाबांच्या बॅगेची चेन लावायला बसला.
बॅग भरल्यापासून बाबा बूट घालून सोफ्यावर.
"घरी ना?"
"हो, बाबा."
"तिथे कोण आहे?"
"मी येतेय ना."
समाधान झालं की प्रश्नच विसरले, कळलं नाही. मान हलवली. मग माझा हात धरून म्हणाले, "बाई, तुमच्या घरचे वाट बघत असतील. तुम्ही निघा."