खुब्यातला गोळा वाजवून घेण्याबाबत

मोहाडी,
शनिवार, दुपार

आदरणीय भैयाजी यांना,
धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. लाखनीत सगळं कुशल असेल, तुमचा रक्तदाब ताब्यात असेल आणि टायरच्या दुकानात बसून ट्रकवाल्यांशी भांडण्याइतका दम अजून छातीत असेल, अशी आशा आहे. वहिनींनाही नमस्कार सांगावा.

आमच्याकडे सर्व ठीक. म्हणजे कलाचं ऑपरेशन येत्या गुरुवारी नागपूरला आहे, तेवढं सोडून. तिच्या उजव्या खुब्यातला गोळा झिजला आणि आता तिथे सिरॅमिकचा गोळा बसवायचा, हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. (बाकीचंही फोनवरच सांगितलं असतं, पण फोन तिच्या उशाशी असतो, आणि तिचा खुबा झिजला असला तरी कान शाबूत आहेत.) बिचारी फार घाबरली आहे. वरून दाखवत नाही. पडल्या पडल्या पेपरातलं शब्दकोडं सोडवते, दोन्ही वेळा जेवते, दुपारी घोरतेसुद्धा. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला कळत नाही का? तिला धीर देण्यासाठी मी काय काय केलं ते तुमच्या कानावर घालतो, कारण तिच्या तोंडून आलं तर त्याला वेगळाच रंग येईल.

पहिल्या भेटीत डॉक्टर ‘सिरॅमिक’ म्हणाले आणि माझ्या डोळ्यांसमोर कपबशी आली. आता कपबशीचा स्वभाव तुम्ही जाणता. उकळता चहा ओतावा आणि वरून गार पाणी पडावं, की तडकली. मग माणसाला ताप आला आणि कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवली, तर आतल्या गोळ्याचं काय होणार? हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा राहून गेला. म्हणून घरीच प्रयोग केला. वास्तुशांतीला तुम्ही दिलेला तो निळ्या फुलांचा सेट होता ना, (होता असंच म्हणावं लागेल) त्यातले कप एकेक करून आधी उकळत्या पाण्यात आणि मग माठातल्या पाण्यात घातले. काही तडकले, काही तडकले नाहीत, म्हणजे निकाल काहीच लागला नाही. आवाज ऐकून कला आतून ओरडली, “ऑपरेशन माह्यं हाय का कपाइचं, थे सांगा आधी!” पाहिलंत? घाबरलेला माणूस असाच चिडतो.

तुमच्या बहिणीची मडकं घ्यायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दर उन्हाळ्यात शहापूरला रस्त्याच्या कडेला आमची गाडी थांबते, ती उतरते, आणि प्रत्येक मडक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावते. अख्खी रास वाजवून झाल्याशिवाय एक मडकं पसंत पडत नाही. आवाज बद्द आला की ठेव बाजूला. जी बाई पाण्याचं मडकं न वाजवता घेत नाही, तिच्या हाडात जन्मभरासाठी बसणारी वस्तू मी न वाजवता कशी घेऊ? तुम्हीच सांगा. दुसऱ्या भेटीत मी डॉक्टरांना हेच विचारलं. तिचा जो गोळा असेल तो आधी बाहेर काढून माझ्या हातात द्यावा, मी वाजवून पाहतो.

डॉक्टर तरुण आहेत, पण सोशिक. म्हणाले, तो गोळा निर्जंतुक करून सीलबंद येतो आणि ऑपरेशनच्या टेबलाशीच उघडतात. तुम्ही वाजवलेला गोळा आम्ही कुणालाच बसवू शकणार नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं की कपबशीशी याचं नातं फार लांबचं. अतिशय शुद्ध भुकटी दाबून, भट्टीत भाजून, घासून गुळगुळीत केलेला असतो. गंजत नाही, झिजतो तोही अगदी नावाला, आणि शरीर त्याला परका मानत नाही. (मी मनात म्हटलं, हे बरं आहे. तुमच्या घरानं मला परका न मानायला किती वर्षं घेतली ते आठवा. दुसऱ्या दिवाळीलासुद्धा तुम्ही मला ‘पाहुणे, नाव काय म्हणालात?’ असं विचारलं होतं.) टेबलावर दाखवायचा एक नमुना होता. लिंबाएवढा, फिकट गुलाबी. तो त्यांनी माझ्या हातात दिला, हीच त्यांची चूक. मी पेरानं वाजवला, काही कळेना. अंगठीनं वाजवला, बारीक आवाज आला. मग खणखणीत ऐकू यावा म्हणून टेबलाच्या काचेवर आपटला. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. गोळ्यावर ओरखडासुद्धा नाही.

डॉक्टरांनी तड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, “झाली खात्री?” कला खुर्चीत बसून पदरात तोंड घालून हसत होती.

खात्री झाली होती हो. पण शेजारचा प्रफुल्ल आला. (याला स्वतःला कधी सर्दी झाली नाही, पण सगळ्या जगाची दुखणी याच्या मोबाइलमध्ये.) तो सांगून गेला की असला सांधा एखाद्याचा चालताना कुरकुरतो. झालं! आमच्या हातमागाची कुरकुर मी तेल घालून थांबवतो, बायकोच्या खुब्यात कुठून तेल घालणार? दिवसभर अंगणात येरझारा घातल्या. मग वाटलं, कुरकुरली तर कुरकुरू दे. मी मागावर बसलेला असताना ती मागल्या अंगणात चालतेय, एवढं तरी ऐकू येईल. भूल देताना हजारात एखाद्याला त्रास होतो, असंही डॉक्टर बोलले होते. तेव्हापासून हजार कुठे गेले कोण जाणे, मला तो एखादाच दिसतो. (आत्ताच आत जाऊन तिचा श्वास पाहून आलो. चालू आहे.)

बाकी काळजीचं कारण नाही. मी खंबीर आहे आणि तिलाही खंबीर ठेवलं आहे. गावातला मंगेश उद्या लाखनीला तांदूळ घेऊन येतोय, त्याच्या हाती हे पत्र पाठवतो. वहिनींच्या हातचं करवंदाचं लोणचं आठवतं, एवढंच सुचवून ठेवतो.

आपला,
मधुकर

ता. क. : लोणच्याचं राहू द्या. तुम्ही गुरुवारी नागपूरला या. शुभांगी येतेय, त्यामुळे आईकडे पाहायला लेक आहे. तुम्ही माझ्यासाठी या. तिला आत नेऊन ते दार बंद करतील, तेव्हा मी बाहेर काय करीन ते मला माहीत नाही. मला फार भीती वाटते, भैयाजी. तिला हे कळू देऊ नका.

आणखी ता. क. : भैया, मी कला. पाकीट चिकटवायले माह्याच हाती देल्लं, आता काय म्हनू! मले काही भेव नाही, डाक्टर चांगला हाय. पन तू नक्की ये. मी तं आत बेशुद्ध राहीन. तेवढा वेळ ह्याइले “बसा आता” म्हनायले कोनी नसन.