आठव्या कोपऱ्याची तिसरी वाट

मी, गुणाकर वासुदेव पांढरीपांडे, वय शहात्तर, गणिताचा निवृत्त प्राध्यापक, राहणार बालाघाट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मान खाली गेल्याचे त्यांना दाखल्यात लिहिता येत नाही, म्हणून ते मी लिहितो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. माझे राहते घर, ज्याच्या पूर्वेला नथ्थूचे सायकलचे दुकान व पश्चिमेला गल्ली आहे, त्यात माझी पत्नी उमा हयातभर राहील. "आता आमच्याकडे चला" म्हणून तिला कोणी हलवू नये. तिच्यानंतर मुलगा अनुराग व मुलगी वैदेही यांना घर सारखे मिळावे. "मुलीला लग्नात दिलंच की" हे वाक्य अनुरागच्या सासरकडून माझ्याच ओसरीत एकदा बोलले गेले होते. मी तेव्हा पेपर वाचत होतो, बहिरा नव्हतो.

कलम २. बँकेतील सर्व रक्कम उमाची. तिने ती जपून न ठेवता खर्च करावी.

कलम ३. सत्कारात मिळालेली शाल माझे जुने सहकारी पुनाराम यांना द्यावी. स्टाफरूममध्ये ते मला नेहमी विचारायचे, "तुमच्या त्या जाळीत मासोळी तरी सापडते का?" त्यापायी मी त्यांच्याशी बोलणे टाकले. त्यांना थंडी फार वाजते, आणि ती शाल माझ्या अंगावर आता शोभत नाही. का, ते सांगणे भाग आहे.

कलम ४. माझे आयुष्य जाळीवरच्या समीकरणांत गेले. चौकडीच्या कागदावरचे एक घर घ्या. त्याच्या तीन कोपऱ्यांवर संख्या मांडल्या की समीकरण चौथ्या कोपऱ्यावरची संख्या ठरवते, आणि असे घराला घर लागून सगळी जाळी भरत जाते. बहुतेक समीकरणे थोड्याच घरांत बेफाम होतात. काही मोजकी शेवटपर्यंत शिस्तीत राहतात, त्यांना आम्ही समाकलनीय म्हणतो. त्यासाठी एक सुंदर कसोटी आहे. तेच समीकरण घनाच्या सहाही बाजूंवर बसवायचे. सुरुवातीच्या चार कोपऱ्यांवरून आठव्या कोपऱ्यावर पोचायला तीन वाटा असतात, आणि तिन्ही वाटांनी उत्तर एकच आले पाहिजे. बालाघाटहून गोंदियावरून जा, सिवनीवरून जा की कटंगीवरून, पोचायचे नागपूरलाच.

माझ्या समीकरणासाठी मी दोन वाटा गणून पाहिल्या. उत्तर जुळले. तिसरी वाट सममितीमुळे आपोआप जुळते, असे लिहून मोकळा झालो. विद्यार्थ्याने असे लिहिले असते तर मी त्याचे पान फाडले असते. माझे पान मात्र छापून आले. गावाने त्याला बालाघाटचे समीकरण म्हटले, हार घातले, भाषणे झाली, आणि मी ती सगळी मान डोलावत ऐकली.

यंदा पोळ्याच्या सुमारास जबलपूरहून देवेंद्रचा फोन आला. वैदेही गणित शिकवते त्याच कॉलेजात तोही आहे. म्हणाला, "सर, वैदेहीनं तुमचं समीकरण दुरुस्त करून पेपर पूरा तयार ठेवला हाय. पर धाडूनच नाही राह्यली. तुमी तरी समजावा तिले."

मला सगळे ठाऊक आहे असे तो धरून चालला होता. मी "हौ" म्हटले आणि फोन ठेवला. मग उमा डाळ निवडत होती त्याच टेबलावर बसून तिसरी वाट गणली. एका दिशेला एक चिन्ह उलटत होते. उत्तर वेगळे आले. पुन्हा गणले, तरी वेगळेच आले.

वैदेही सुटीत घरी आली तेव्हा मी विचारले, "काहून नाही सांगितलं मले?"

"काय सांगू, बाबा? अख्खं गाव तुमाले त्याच्यावरून ओळखते."

"मंग छापशील कधी?"

ती पंख्याकडे पाहत राहिली. उमा पातेले उचलून आत गेली. दोघींनाही उत्तर माहीत होते, आणि मग मलाही कळले. माझी मुलगी माझ्या मरणाची वाट पाहत नव्हती, पण तिच्या पेपरला पाहावी लागत होती.

चिन्हाची चूक गणितातली आहे, ती पचेल. पचत नाही ते वेगळेच. लहानपणी वैदेहीने पाहुण्यांसमोर फळ्यावरची माझी एक चूक दाखवली होती, तेव्हा मी भरल्या ताटावरून उठलो होतो. मी ते विसरलो. ती विसरली नाही. एवढी शिकलेली मुलगी बापाच्या रागाला भिऊन स्वतःचे काम दाबून बसते, याची मला फार लाज वाटते.

कलम ५. ओसरीतला फळा, सर्व पुस्तके आणि नथ्थूने सायकलच्या तारांचा करून दिलेला घन वैदेहीला मिळावा.

कलम ६. (खोडले आहे.) येथे मी लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर वैदेहीने तो शोध स्वतःच्या नावाने छापावा व माझी चूक त्यात स्पष्ट सांगावी. लिहून मला बरे वाटले. मसुदा वाचून दाखवला तेव्हा उमा म्हणाली, "म्हंजे पोरीनं अजून थांबावं? थे तर तिनं पहिलेच ठरवलं होतं. तुमी नवीन काय देऊन राह्यले?" म्हणून कलम खोडले, आणि माझा निष्कर्ष चुकीचा असल्याचे पत्र आज सकाळी नियतकालिकाकडे पाठवले. वैदेहीने तिचा पेपर माझ्या शेजारी बसून धाडला.

दुरुस्त्यांबाबत: या कागदावर दोन ठिकाणी खोडाखोड आहे. एक कलम ६ मधली. दुसरी कलम १ मधली, तिथे मी नथ्थूचे दुकान पश्चिमेला लिहिले होते. सह्यांआधी वैदेहीने साक्षीदारांसमोर बोट ठेवून म्हटले, "बाबा, हे चुकलं." दोन्ही जागी माझी व साक्षीदारांची लहान सही आहे. शेवटच्या सह्या जेवणानंतर करायचे ठरले, म्हणून सगळे आधी जेवायला बसलो. वैदेही माझ्याकडे पाहत होती. मी ताट संपवूनच उठलो.

साक्षीदार, ज्यांनी माझी सही होताना पाहिली व माझ्यासमोर सह्या केल्या, आणि ज्यांना यातून काही मिळणार नाही:
१. अंजना टेंभरे, वकील, बालाघाट (सही)
२. नथ्थू मेश्राम, भरवेली खाणीतून निवृत्त, आता सायकल दुकानदार, शेजारी (सही)

गुणाकर वासुदेव पांढरीपांडे (सही)
बालाघाट, १४ नोव्हेंबर २०२४