इंच सोडून मिलिमीटर

बेंगळूर, १९६१

तीर्थरूप अक्कास,
धाकट्या कल्लाप्पाचा दुरूनच पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला थांबला का?

आमच्या कारखान्यात आता इंच जाऊन मिलिमीटर आलेत. माझे दोन-तीन लोखंडी दांडे माप चुकून फुकट गेले. रात्री झोप लागेना.

पण आमचे फोरमन त्रिविक्रमराव बघायला हवेस! रिटायर व्हायला आलेत, सारा जन्म इंचात गेला. तरी रोज भोंग्याआधी येऊन नव्या पट्टीनं दार, टेबल, जेवणाचा डबा, दिसेल ते मोजतात. आधी अंदाज सांगायचा, मग पट्टी लावायची. मागच्या महिन्यात एकदा अंदाज चुकला तेव्हा पोरं हसली. ते म्हणाले, "हसा की! उद्या स्वल्प कमी चुकेन. कल्लाप्पा, ये, तूही सांग बघू."

तेव्हापासून मीही लवकर जातो. काल लेथवर नव्या मापाचा दांडा केला. त्यांनी मोजला, पुन्हा मोजला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "सरी, बरोबर जमलं. आता नव्या लोकांना तू शिकव."

अक्का, नोकरी सोडून गावी येतो असं मागं लिहिलं होतं, ते आता विसर.

भाऊजींना नमस्कार, शालनला पापा.

तुझाच,
कल्लाप्पा