उठून येईल त्याच्या नावे

गेल्या चार वर्षांत या घरात आलेल्या वस्तू व त्यांची किंमत आधी लिहिते, म्हणजे पुढचा मजकूर कुणाला अधांतरी वाटणार नाही.

भिंतीएवढा टीव्ही, अठ्ठावन्न हजार. पाय आपोआप वर घेणारी आरामखुर्ची, एकतीस हजार. मोठ्या अक्षरांचा फोन, चौदा हजार. पावले मोजणारा हातपट्टा, चार हजार. या चारही वस्तू चिरंजीवांनी परगावाहून पाठवल्या. त्यानंतर गुडघ्यांचे पट्टे, कमरेचा पट्टा, काठी, आणि न्हाणीघरातल्या भिंतीला धरून उठायच्या दोन कड्या आल्या; त्या आमच्या खर्चाने. पहिल्या चार आल्या म्हणून पुढच्या आणाव्या लागल्या, असे माझे मत आहे. मृत्युपत्रात मत लिहायला हरकत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे.

तर मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, ईश्वराला स्मरून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे मी कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणू शकतील असे एकटे यजमान. ते बाहेरच्या खोलीत बसले आहेत, आणि दडपण आणायला आधी उठावे लागते.

मघाशी त्यांनी तिथूनच विचारले, "काय लिहितेस एवढं?"

"मृत्युपत्र."

"कुणाचं?"

तेवढ्यात बातम्या सुरू झाल्या.

१. राहते घर. हे माझ्या नावावर आहे, कारण खरेदीच्या दिवशी यजमान मोजणीवर होते. बत्तीस वर्षे त्यांनी मोजणी खात्यात नोकरी केली. सकाळी साखळी खांद्यावर टाकून निघायचे ते लोकांची शेते, ओढे, टेकड्या पालथ्या घालून अंधार पडता परत यायचे. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही बाजारात गेलो तेव्हा हे इतके पुढे निघून गेले की मला वाटेतल्या माणसांना विचारत जावे लागले. अशा माणसाला आता शेजारच्या तिवईवरचा पाण्याचा पेला हातात आणून द्यावा लागतो. असो. माझ्यामागे या घरात यजमानांनी हयातभर राहावे. त्यांना कुणी "आमच्याकडे चला" म्हणून हलवू नये; तिकडचा टीव्ही याहून मोठा आहे. त्यांच्यानंतर घर चिरंजीवांचे.

२. आरामखुर्ची. ही माझ्या मालकीची नाही हे मला ठाऊक आहे. तरी इच्छा लिहून ठेवते की माझ्या तेराव्या दिवसाच्या आत ती विकावी. घेणाऱ्याचे वय चाळिशीच्या आत असावे.

३. पायाने चालवायचे शिवणयंत्र सूनबाईंना. तेल नियमित घालावे. ते बसूनच चालवतात, पण पाय हलतात.

४. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना माझी मानेखाली घ्यायची पातळ उशी. बाई रोज पहाटेपासून यजमानांच्या फोनवर तब्येतीचे संदेश पाठवतात. स्वतः फोनकडे बघून बघून त्यांची मान अशी वाकली आहे की जिन्यात भेटल्या तर माझ्या चपलांना नमस्कार करतात. "चालण्याचे अगणित फायदे" हे चलच्चित्र त्यांनीच पाठवले होते. यजमानांनी ते पाय वर करून शेवटपर्यंत पाहिले, चिरंजीवांना पाठवले, आणि मी फरशी पुसत होते तर मला म्हणाले, "पाठ ताठ ठेव, त्यात दाखवलंय."

५. हातपट्टा. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यावरून घरात अजून धुसफूस आहे.

पट्टा आला त्या आठवड्यात यजमानांनी तो आपल्या हाताने माझ्या मनगटावर बांधला. म्हणाले, "तुझ्या हातात शोभतो." बेचाळीस वर्षांत त्यांनी माझ्या हातात काही घातल्याचे मला आठवत नाही, म्हणून मी तो आंघोळीलासुद्धा काढला नाही. पट्टा काय मोजतो ते मला माहीत होते; त्याचे आकडे चिरंजीवांच्या फोनवर यजमानांच्या नावाने जातात, हे माहीत नव्हते. मी झाडले, पुसले, बाजार केला, गच्चीवर कपडे वाळत घातले, आणि परगावी बसून मुलगा बापाला शाबासकी देत राहिला. डॉक्टरांनीही फोनवरचे आकडे पाहून "या वयात कमाल आहे" म्हटले आणि गुडघ्यांचा व्यायाम बंद केला. गुडघे पाहिले नाहीत. ते कपड्याखाली होते.

पुढे माझ्या पोटाचे पहिले ऑपरेशन झाले. नर्सने पट्टा काढून खणात ठेवला. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांचा मुख्याध्यापिकाबाईंना घाबराघुबरा फोन, की बाबा परवापासून जागचे हललेले नाहीत, दार फोडा. बाई धावत खाली आल्या. दार उघडेच होते. हे खुर्चीत, सामना चालू. बाईंना म्हणाले, "मी बरा आहे. दवाखान्यात ती आहे."

हे कळल्यावर चिरंजीव फोनवर एवढेच म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आई चालत होती?" त्यानंतर त्यांनी माझी प्रकृती विचारली, हे नमूद करते. पट्टा त्यांना परत पाठवावा.

६. माझी टपालातली ठेव. हेच या कागदातले मुख्य कलम. तिचे व्याज यजमानांना दरमहा मिळावे, पण घरी आणून देऊ नये. टपाल कचेरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथे यजमानांनी स्वतःच्या पायांनी जावे, रांगेत उभे राहावे, सही करून पैसे घ्यावेत. रिक्षाने गेल्यास त्या महिन्याचे व्याज गुडघ्यांचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या फीला लागावे, आणि त्यांनी घरी येऊन त्यांना उठवावे. म्हणजे एकूण एकच. पेन्शन आहे, त्यामुळे उपाशी कुणी राहणार नाही. मी निर्दय आहे असे कुणाला वाटल्यास पुढचे वाचावे.

त्याच ऑपरेशनच्या वेळी, चौथ्या दिवशी, हे मला भेटायला आले होते. बायकांचा विभाग पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट फक्त खाटांसाठी. मी वाट पाहत होते. माझा फोन वाजला. पडद्यावर यजमान.

"कुठे आहात?"

"खालीच आहे, बाकावर. तू स्पष्ट दिसतेस इथून."

"मला छत दिसतंय. फोन सरळ धरा."

सरळ धरला. घामाने डबडबले होते. "पाच पायऱ्या चढलो," म्हणाले. "मला वाटलं होतं चढेन." मग भेटीची वेळ संपली. टेकड्या मोजलेला माणूस माझ्या खाटेपर्यंत पोचला नाही. मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली.

७. हे सर्व पार पाडण्यासाठी व्यवस्थापक म्हणून मी माझ्या थोरल्या नणंदबाईंना नेमते. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर असून त्या रोज विहिरीचे पाणी ओढतात. यजमान जगात त्यांनाच भितात.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार
सही: माझी, चष्मा लावून, दोन्ही पानांवर

साक्षीदार: १. इस्त्रीवाले २. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई
(दोघेही चालत आले व उभ्यानेच सही करून गेले.)

ता. क. वन्सं, तुम्ही फोन ठेवत नाही, म्हणून प्रत टपालाने पाठवते. दुसरे ऑपरेशन चोवीस तारखेला आहे, विभाग तोच, जिना तोच. मोठे आहे असे म्हणतात. व्यवस्थापकपण नंतर बघू. आधी एक काम करा. त्या दिवशी या, आणि तुमच्या भावाला वर घेऊन या. फळे वगैरे काही आणू नका. भेटीची वेळ चारची आहे, तुम्ही दोनलाच चढायला लागा. रागवा, हाताला धरा, मध्ये बसवा, पण मला आत नेण्याआधी ते खाटेशी उभे असू देत. येता की नाही ते उलट टपाली कळवावे.