मिळेल की पिळेल

नाना, तुम्ही गेल्या दिवाळीपासून पुन्हा बोलायला लागला आहात, आणि तेही सरकारच्या बाजूने. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज नेमका कसा होता हे मला डोळे मिटून आठवावं लागतं, आणि आता आठवायला गेलं की तुमच्या तोंडातून येणारा हा दुसराच गुळगुळीत आवाज मधे येतो. झालं असं की, गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या बेन पक्षाचं काम करतात. मूळच्या आपल्याच नंदुरबारकडच्या, पण सुरतेत राहून बोलणं आता निम्मं गुजराती. त्यांनी घरोघर फिरून गेलेल्या माणसांचे फोटो नेले. मला वाटलं, मोठे करून फ्रेममध्ये देतील. मी तुमचा कामाच्या ओळखपत्रावरचा फोटो दिला. पाडव्याला मायच्या फोनवर तुम्हीच आलात. पांढराशुभ्र सदरा, पुढचा पडलेला दात जागेवर, कपाळावरची खोक गायब. तुम्ही हात जोडलेत, मायचं नाव घेतलंत आणि म्हणालात, मी आहे तिथे सुखात आहे, आपल्याला पक्कं घर मिळेल, चोवीस तास पाणी मिळेल, तू फक्त अंगठा दे.

मायने पदर डोक्यावर ओढला. तुम्ही जन्मात कधी तिचं नाव घेतलं नाहीत. 'आइक व' याच्यापुढे तुमची गाडी गेली नाही. फोटो नेताना बेननी विचारलं होतं आणि मीच ते नाव सांगून बसले होते. माय मला म्हणाली, "पोरगीदेखत नाव लेस. लाज नही याले." आणि तिने आवाज बंद केला. तेव्हापासून रोज दुपारी भांडी झाली की ती फोन डब्याला टेकवून ठेवते, समोर बसते आणि तुम्हाला मुक्यानेच बघते. सुरुवातीला मला हसू आलं होतं. आता ती बघायला लागली की मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही.

तुम्हाला कडोदऱ्याचं ते खातं आठवतं का? लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात, आणि सरकारने प्रत्येक गरिबाचं खातं उघडणार म्हटलं तेव्हा तुम्ही खरंच विचारात पडला होतात की एवढे सगळे लूम चालवणार कोण. मी डबा घेऊन यायचे. दारातच अंगावर आवाज कोसळायचा, दात हलायचे. आत सगळे ओठांनी बोलत. तुम्ही मला ते शिकवलंत, आणि माय सुताच्या कांड्या भरायला तिथेच होती, तिला तर ते माझ्याआधीपासून यायचं. अडचण एकच होती. ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात. म्हणून म म्हणायचा असला की नाकाला बोट लावायचं. "उद्या पगार मिळेल" असं शेठचा माणूस बोट न लावता म्हणाला की अख्खं खातं हसायचं, कारण मग ते 'पिळेल' व्हायचं. मला आत्ता लिहितानाही तुम्ही दिसता, लूमवर धावणाऱ्या धोट्याकडे एक डोळा, माझ्याकडे एक, आणि नाकावर बोट.

घरीही तुम्ही टीव्हीचा आवाज बंद ठेवायचात. दिवसभर आवाजच खाऊन आलोय म्हणायचात. दिल्लीचं भाषण असलं की शेजारचे येऊन विचारत, "काय सांगी ऱ्हायना तो?" पुढारी हिंदीत बोलायचा, तुम्ही अहिराणीत वाचायचात, त्यामुळे निम्मं तुमच्या मनाचंच असायचं. एकदा त्यांनी रस्ते म्हटलं आणि तुम्ही गल्लीभर सांगितलंत की रेशनवर तूर मिळणार. पण शेवटी तुमचं वाक्य ठरलेलं असे, याने काही नाकाला बोट लावलं नाही. यात पक्षाचा प्रश्न नव्हता. सगळ्यांनाच तुम्ही ही एकच फूटपट्टी लावायचात.

मी तुमच्यासारखी ही भाषणं हसण्यावारी नेत नाही. मला राग येतो. इच्छापोरला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये शंभर माणसांच्या पोळ्या लाटता लाटता मी सगळ्यांचं बोलणं ऐकते, आणि मला बोलायलाही आवडतं. गॅस आला तो मी नाकारत नाही. नळ आला, पाणी लहर आली तर येतं, पण आला. ज्याने दिलं त्याला दिलं म्हणायला माझं तोंड झिजत नाही. पण पूर्वी निदान पाच वर्षांची बोली असायची, पाच वर्षांनी जाब विचारता यायचा. आता सांगतात देश तेव्हा असा होईल, तेव्हा तसा होईल, आणि ते 'तेव्हा' इतकं लांब आहे की माय तर नसेलच, मीही बहुधा नसेन. विरोधातले येतात ते त्याच्यावर दोन चार गोष्टी वाढवून सांगतात, झालं. माणूस जिवंत असताना पुरं होणार नाही असं वचन द्यायचं, तर ते सांगायलाही मेलेलं माणूसच बरं पडत असेल. त्याला कोण उलट विचारणार?

आता खरी गोष्ट. खाडीकाठची आपली खोल्यांची ओळ पाडायची आहे आणि त्याच्या बदल्यात फ्लॅट द्यायचे आहेत. सगळ्यांनी संमती दिली, मायची तेवढी राहिली. खोली तिच्या नावावर आहे. तिने नाही म्हटलं तरी खोली पडणारच, असं बेन सांगतात, फक्त मग फ्लॅट मिळणार नाही. गेल्या पावसात खाडी आत आली तेव्हा मायला मी ओट्यावर बसवून ठेवली होती, सबंध दिवस, पाय वर घेऊन. तिच्या छातीत अजून घरघर आहे. आणखी एक पावसाळा ती या खोलीत काढेल असं मला वाटत नाही. मी तिला हे स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "तुना बाप नको म्हनस."

मी म्हटलं, माय, तो व्हिडिओ आहे, मशीनने केलेला, आणि त्यातसुद्धा नाना घर मिळेल असंच सांगतात. तिने फोन माझ्यासमोर धरला. आवाज बंद. "नाकले बोट लायं का त्यानी? नही ना? मंग तो मिळेल नही सांगस. पिळेल सांगस." मी म्हटलं, हात जोडलेला माणूस बोट कसं लावेल? ती शांतपणे म्हणाली, म्हणूनच त्याचे हात जोडून ठेवलेत.

मी बघितलं. दिवसाउजेडी, पंखा चालू, बाहेर भाजीवाला ओरडतोय, आणि माझ्या मानेवर काटा आला. पिळेल, पिळेल. एकदा तसं वाचलं की दुसरं काही वाचताच येईना. आणि मायने आणखी एक दाखवलं. बोलणं संपल्यावरही तुमचे ओठ दोनदा हलतात. मी आवाज लावून पाहिलं, तिथे काही नाही, शांतता आहे. पण ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. बेन म्हणाल्या, मशीनची भूल आहे, म्हणजे चूक, सगळ्यांच्या व्हिडिओत असेल. मी शेजारणीच्या सासऱ्याचा पाहिला. त्याचे ओठ बोलणं संपलं की थांबतात. माय काय वाचते ते ती मला सांगत नाही, नुसती मान डोलावते, जशी तुमच्यापुढे डोलवायची.

मी बेनना म्हटलं, पुसून टाका तो व्हिडिओ. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "अरे बेन, पुसून काय होणार? तुमची माजी तुमचं ऐकत नाही, नानादादाचं ऐकते ने? तर दादा काय बोलतील ते तुम्हीच लिहून द्या. एक लाइन बस. आणि एखादं जुनं रेकॉर्डिंग असेल तर द्या, आवाजपण त्यांचाच करू." माझ्या जुन्या फोनमध्ये तुमचं एक बोलणं आहे, कडोदऱ्याहून केलेलं, बस चुकली म्हणून. ते मी कोणाला ऐकवलेलं नाही, मायलासुद्धा नाही.

तर नाना, बसले होते ती एक ओळ लिहायला. तुमच्या तोंडी काय घालावं ते सुचेना, म्हणून आधी तुमच्याशीच हे सगळं बोलत बसले. लग्नानंतर तुम्ही मायला गावाहून सुरतेला आणलंत तेव्हा ती एसटीत चढायला तयार नव्हती, आणि तुम्ही म्हणाला होतात, "चाल व, मी पुढं जाईसन देखी उनू." मी पुढे जाऊन बघून आलो. तेवढ्यावर ती चढली, असं ती सांगते. तेच लिहिलं. ते आणि तुमचं बोलणं दोन्ही बेनना पाठवलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. उद्या दुपारी भांडी झाली की तुम्ही तिला तुमच्याच आवाजात चल म्हणाल. तुम्ही खरंच चल म्हणाला असतात का, मला माहीत नाही. मी तिच्या शेजारी बसणार आहे, आणि तिने आवाज बंद करू नये म्हणून फोन माझ्या हातात ठेवणार आहे.