मावशी विसरत नसल्याने अडलेले जर्नल

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
विद्यापीठ परीक्षा विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्र. ४

विषय: ‘विस्मरण’ या प्रात्यक्षिकात माझी मावशी विसरत नसल्याने जर्नल नामंजूर झाल्याबाबत.

संदर्भ: मानसशास्त्र विभागाचा शेरा, “आकडे चुकले. पुन्हा करा.” (तीन वेळा)

महोदय,

मानसशास्त्र प्रयोगशाळेच्या कपाटात एकसष्ट जर्नले आहेत. दोन वाळवीने खाल्ली आहेत, एक माझे आहे. उरलेल्या अठ्ठावन्न जर्नलांत विस्मरणाच्या प्रयोगाचे आकडे एकच आहेत: वीस निरर्थक शब्द पाठ केल्यावर दुसऱ्या दिवशी सात आठवतात, सातव्या दिवशी पाच. पाठ्यपुस्तकातही तेच आहेत. माझ्या जर्नलात वीस आणि वीस आहेत.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन या विभागात पुन्हा पहिल्या वर्षापासून शिकले. सध्या अंतिम वर्षात आहे. ब्युरेटवर जो आकडा दिसेल तोच वहीत लिहायचा, एवढी एकच सवय मी तिकडून आणली. प्रयोगासाठी मी मावशीला बसवले. ती शिवणकाम करते आणि चाळीसेक गिऱ्हाइकांची मापे वहीशिवाय लक्षात ठेवते. हे जर्नलात नमूद आहे.

विभागप्रमुख सरांनी प्रथम “मावशीला नीट समजावून सांग” असे सुचवले. दुसऱ्या खेपेस ते म्हणाले, “अठ्ठावन्न जणांची माणसं विसरतात, तुझीच मावशी तेवढी हुशार? मावशी बदल.” मला मावशी एकच आहे.

हे कळल्यावर मावशीने मशीन थांबवून विचारले, “किती विसरले की पास होशील? तेरा? बरं, तेरा विसरते.” त्याप्रमाणे तिने सातच शब्द सांगितले. मात्र कोणते तेरा विसरलीस असे मी विचारताच तिने तेही क्रमाने म्हणून दाखवले. त्यामुळे ती नोंद मला करता आली नाही. त्यावर “खरेपणा काय चाटायचाय? वर्ष जाईल की गं!” असे तिचे मत पडले.

तिसऱ्या शेऱ्यानंतर सरांनी स्वतः खात्री करण्याचे ठरवले. सोमवारी मावशीला विभागात बोलावून त्यांनी नवी यादी काढली आणि “यात कठीण ते काय, मीही करतो” म्हणून तिच्यासोबत स्वतःही बिनचूक पाठ केली. मंगळवारी त्याच वेळी दोघांची चाचणी झाली. चाचणीनंतर सरांनी कोणताही शेरा दिलेला नाही आणि सहीही केलेली नाही.

शुक्रवारपर्यंत सही न झाल्यास मला परीक्षेचे प्रवेशपत्र मिळणार नाही. तरी माझे आकडे आहेत तसे स्वीकारावेत, ही विनंती. ते शक्य नसल्यास मावशीने कोणत्या दिवशी कोणते शब्द विसरावेत, याचा लेखी आदेश थेट तिच्या नावे काढावा. आदेश दुपारनंतर पाठवावा; सकाळी ती कापड बेतत असते आणि तेव्हा कोणाचेही ऐकत नाही.

शुक्रवारची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार, अंतिम वर्ष, मानसशास्त्र
बुधवार, १२ मार्च

सोबत:
१. जर्नल, तिन्ही शेऱ्यांसह.
२. मंगळवारच्या चाचणीचा तक्ता. एकूण शब्द वीस. चोवीस तासांनंतर आठवलेले: पाठ्यपुस्तकाप्रमाणे सात, मावशी वीस, विभागप्रमुख तीन.